कळल्याची वेळ

थेंबमास्तर हे नाव त्यांना मीच ठेवलं, तेव्हा त्याचं पाप माझ्याच माथी. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आमच्या कारखान्यात पावसाच्या पाण्याची तळी सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि तळ्यातला थेंब इकडचा तिकडे झाला तरी ते नोंद करायचे. एकदा नमुन्याची बाटली आमच्या प्रयोगशाळेच्या पायरीवर त्यांच्या हातून निसटली. अर्धा लिटर पाणी, ते पायरीवरून मोरीत गेलं. दुसऱ्या मिनिटाला मास्तर फॉर्म घेऊन माझ्यासमोर हजर. मी म्हटलं, "अहो, फडकं आणते." तर म्हणाले, "फडकं आणाच, पण आधी सांगा, बाटली पडली तेव्हा तुमच्या घड्याळात किती वाजले होते?" असा माणूस. डोक्यात जायचे माझ्या.

मी त्या प्रयोगशाळेत पाणी तपासते. सव्वीस वर्षं झाली. कारखाना अणुइंधनाचा आहे. लोकांना वाटतं आम्ही वीज करतो. वीज दुसरीकडे होते. आमच्याकडे युरेनियमची भुकटी येते, ती दाबून, भट्टीत भाजून खडूच्या तुकड्याएवढ्या गोळ्या होतात आणि नळ्यांत भरून पुढे जातात. हे सगळं बंद दाराआड, हातमोजे घालून. पण पाऊस काही दार वाजवून येत नाही. तो छपरांवर पडतो, ट्रक उभे राहतात त्या फरशीवर पडतो, आणि जी काय धूळमाती असेल ती घेऊन गटारांतून आवाराच्या टोकाला दोन तळ्यांत जमतो. एक नंबर आणि दोन नंबर. तळ्याच्या तोंडाशी झडप. झडप उघडली की पाणी ओढ्यात जातं, आणि ओढ्यावर तीन किलोमीटर खाली वस्तीचं पंपघर आहे.

म्हणून रीत अशी होती. पाऊस पडून गेला की मास्तरांनी तळ्याचा नमुना आणायचा, मी तपासायचा. पाणी स्वच्छ निघालं की त्या तळ्याचा हिरवा बिल्ला मी स्वतः जाऊन किल्ल्यांच्या कपाटात अडकवायचा. बिल्ला दिसला की मास्तरांनी किल्ली घ्यायची आणि झडप उघडायची. तळं रिकामं झालं की झडप बंद, किल्ली कपाटात, बिल्ला परत माझ्या पेटीत. आणि रोज संध्याकाळी घरी जाताना मी पेटी उघडून बिल्ले मोजायचे आणि वहीत लिहायचं, दोन बिल्ले जमा, सही. शेंबड्या पोरालाही जमेल असं काम.

तपासणी न होता पाणी बाहेर गेलं, तर त्याला अपघाती विसर्ग म्हणतात. ते पाणी घाण असो की देवाच्या तीर्थासारखं असो, चोवीस तासांच्या आत वरच्या तपासणी खात्याला फॉर्म जायलाच हवा. फॉर्मवर दोन रकाने शेजारी शेजारी आहेत: कळल्याची वेळ आणि कळवल्याची वेळ. मास्तर नव्या माणसाला काम शिकवायचे तेव्हा बाकी सगळा फॉर्म बाजूला ठेवून या दोन रकान्यांवर बोट ठेवायचे. "पाणी सांडणं माणसाच्या हातात नसतं नेहमी," म्हणायचे. "या दोन वेळांमधलं अंतर मात्र पूर्ण आपल्या हातात असतं."

त्यांना हे वेड का, ते एकदा वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, सांगितलं. मास्तर नोकरीला लागले तेव्हा झडपेवर दुसरा कोणी होता. त्याने एकदा तपासणीआधीच पाणी सोडलं आणि गप्प बसला. वस्तीला ते दोन महिन्यांनी कुठून तरी कळलं. पाण्यात काही निघालं नव्हतं, पण नंतर कितीतरी दिवस लोक पंपाचं पाणी प्यायला तयार नव्हते. बायका लांबून डोक्यावर पाणी आणत होत्या, त्यात वहिनींची आईही होती. मास्तरांनी झडप हातात घेतली ती त्यानंतर, आणि पहिल्याच आठवड्यात पंपघराचा फोन नंबर किल्ल्यांच्या कपाटाच्या दारावर आतून रंगाने लिहिला.

तिसेक वर्षं त्यांनी ते काम केलं. सुकलेल्या शेंगेसारखा माणूस, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक निळं संपलं तर म्हणून. सकाळी सव्वासातला ते तळ्यावर असायचे, पाऊस असो नसो. पट्टीवर पाण्याची उंची वाचायची, काठाने एक फेरी मारायची, दोन नंबरच्या तारेवर रोज बसणारा खंड्या आला की नाही तेही वहीच्या समासात लिहायचे. घरी गच्चीवरही पाऊस मोजायचं भांडं. वहिनी म्हणायच्या, "भाजीत मीठ नाही हे यांना तिसऱ्या घासाला कळतं, पण काल पाऊस किती पडला ते झोपेतून उठवून विचारा." किल्लीला हात लावायचा अधिकार कारखान्यात त्यांच्या एकट्याच्या नावावर होता. त्यांना बढती दोनदा मिळत होती; दोन्ही वेळा किल्ली सोडावी लागेल म्हणून नको म्हणाले. नियम त्यांना पाठ होता, आम्हा सगळ्यांनाच होता: तपासणीशिवाय झडप उघडली तर उघडणाऱ्याची किल्ली वर्षभर बंद. ज्या दिवसाची गोष्ट सांगते आहे, त्या दिवशी मास्तरांच्या निवृत्तीला अकरा महिने राहिले होते.

त्या सकाळी सात वीसला त्यांनी दोन नंबरची बाटली आणून दिली. नवं यंत्र येऊन तीन आठवडे झाले होते, आणि मी सगळ्यांना तोऱ्यात सांगत सुटले होते की आता चार तासांचं काम दीड तासात. त्या दिवशी नेमकं यंत्र रुसलं. दोनदा बंद करून चालू केलं, तरी आकडे स्थिर होईनात. मी त्यात डोकं घालून बसले होते. नऊ बावन्नला मास्तर दारात आले, रेनकोटवरून पाणी निथळतंय आणि हातात दोन नंबरचा हिरवा बिल्ला.

"तळं रिकामं व्हायला अजून दोन तास आहेत बाई," म्हणाले, "पण इकडे आलोच होतो, म्हटलं बिल्ला आजच देऊन टाकू. मागच्या वेळी विसरलो होतो बहुतेक."

मी म्हटलं, "कसला बिल्ला? मी अजून तपासतेच आहे."

ते बिल्ल्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मग वळले आणि पळाले. एकोणसाठ वर्षांचा माणूस चिखलातून पळताना मी खिडकीतून पाहिला. नऊ अठ्ठावन्नला झडप बंद केली. उघडली होती नऊ पाचला. त्रेपन्न मिनिटं पाणी ओढ्यात गेलं होतं.

झालं होतं ते असं. आठ दिवसांपूर्वी दोन नंबर रिकामं केलं, तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि प्रयोगशाळेला कुलूप लागलं होतं. मास्तरांनी बिल्ला कपाटातल्या खिळ्यालाच ठेवला, उद्या देऊ म्हणून. दुसऱ्या दिवशी वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, ते दोन दिवस रजेवर गेले. पाऊस नव्हता, त्यामुळे कपाट कोणी उघडलं नाही. त्या सकाळी त्यांनी कपाट उघडलं, खिळ्याला हिरवा बिल्ला. त्यांना वाटलं, वा, बाईंचं नवं यंत्र खरंच दीड तासात काम करतं.

आता माझं ऐका. बिल्ला आठ दिवस खिळ्याला होता, म्हणजे माझ्या पेटीत आठ संध्याकाळी एकच बिल्ला होता. आणि वहीत आठ संध्याकाळी माझ्या अक्षरात दोन बिल्ले जमा. मी पेटी उघडतच नव्हते. किती वर्षं उघडत नव्हते देव जाणे. मास्तर बिल्ला परत आणतातच, मग मोजायचं काय, असं म्हणत सही ठोकायची आणि पर्स उचलायची. ते बिल्ला घेऊन दारात उभे राहिले त्या क्षणी मला हे सगळं लख्ख कळलं.

मास्तरांनी दहा सहाला पंपघराला फोन केला. पंप चालवणारा म्हातारा पलीकडून म्हणाला, "मास्तर, तुम्ही सांगताय म्हणजे बंद करतो," आणि पंप बंद केला. मग ते माझ्याकडे आले. फॉर्म घेऊनच.

"बाई, काल संध्याकाळी बिल्ले मोजले होते?"

"मोजले होते," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पेटी माझ्या टेबलावर, वही पेटीवर, वही उघडीच. एक बिल्ला खिळ्याला असताना पेटीत दोन कसे, हे कळायला गणिताची पदवी लागत नाही. खुर्चीवर बसून कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: मागील विसर्गानंतर बिल्ला माझ्याकडून परत केला गेला नाही. तो पाहून झडप उघडली. पुढे स्वतःचं नाव.

अकरा चाळीसला यंत्र ताळ्यावर आलं. पाणी स्वच्छ होतं, मर्यादेच्या कुठे आसपासही नव्हतं. आमचे साहेब स्वतः खाली आले. आकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा खुलला.

"मग झालं तर," ते म्हणाले. "पाणी तपासलेलं आहे, स्वच्छ आहे. बाई, निकालाची वेळ आठ पन्नास लिहा. झडप नऊ पाचला उघडली. कुठे काय चुकलं? मास्तर, झाकली मूठ सव्वा लाखाची. अकरा महिने राहिलेत तुमचे."

खरं सांगते, मी पेन उचललं. साहेबांनी सांगितलं म्हणून नव्हे. आठ पन्नास लिहिलं की बिल्ला मीच लावला असं होणार, आणि माझी वही कोणी उघडणार नाही. मी लिहूनही टाकलं. ठसठशीत आठ पन्नास.

मास्तर म्हणाले, "खोडा बाई."

"मास्तर, अहो तुमच्याच भल्याचं आहे."

"मी पंपघराला फोन केलाय. त्यांनी पंप बंद केलाय."

साहेब म्हणाले, "त्याला सांगा गैरसमज झाला होता."

"तो म्हातारा माझा फोन आला की 'का?' न विचारता पंप बंद करतो," मास्तर म्हणाले. "उद्या खरंच काही झालं तर त्याने माझ्या फोनचं काय समजायचं?" आवाज चढला नव्हता त्यांचा. पाण्याची उंची सांगताना असायचा तसाच होता.

आमच्याकडे खोडायचंही शास्त्र आहे. खाली काय लिहिलंय ते वाचता आलं पाहिजे, म्हणून एकच आडवी रेघ, शेजारी खरा आकडा आणि सही. मी रेघ मारली ती इतक्या रागाने की कागद फाटला. शेजारी अकरा चाळीस लिहिलं. मला संताप आला होता त्यांचा. मोठे आले हरिश्चंद्र, म्हटलं मनात. स्वतः बुडायचं तर बुडा.

दुपारी फॉर्म गेला. तीन दिवसांनी खात्याचा माणूस आला, झडप पाहिली, खिळा पाहिला, मास्तरांशी तासभर बोलला. माझ्याकडे येऊन फाटलेल्या कागदावरच्या खोडलेल्या आठ पन्नासवर त्याने बोट ठेवलं. "हे काय?" मी म्हटलं, घाईत चुकलं. त्याने मान डोलावली. वही मागितली नाही. कारण मान्य, असं लिहून गेला. मास्तरांची किल्ली गेली.

त्यांना भांडारात टाकलं. रेनकोट, गमबूट, हातमोजे द्यायचे आणि परत घ्यायचे. तिथेही मिनिटासकट नोंद. लोक हसायचे, "मास्तर, मोज्याची जोडी दहा चौदाला दिलीत की पंधराला?" ते घड्याळ बघून खरंच सांगायचे. तळ्यावर नवा माणूस आला, चांगला होता, त्यांनीच शिकवलेला. पाऊस पडला की मास्तर भांडाराच्या दारात येऊन उभे राहायचे. तिथून तळी दिसत नाहीत, मधे भट्टीची इमारत आहे. तरी उभे राहायचे. मी प्रयोगशाळेत जाताना तो रस्ता टाळायला लागले, मागच्या बाजूने फेरा घालून जायचे. आणि रोज संध्याकाळी पेटी उघडून बिल्ले मोजायचे. दोन बिल्ले, दोनदा. बैल गेला आणि झोपा केला.

अकरा महिने असे गेले. निरोपाच्या कार्यक्रमात साहेब म्हणाले, तीस वर्षांत एकच चूक, आणि तीही स्वतः कळवलेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. वहिनी पहिल्या रांगेत होत्या, नव्या चष्म्यात. त्या मागे वळून माझ्याकडे बघून हसल्या, ओळखीचं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

चौथ्या दिवशी मी फॉर्म काढला. जुन्या फॉर्मला पुरवणी कधीही जोडता येते, तसा नियम आहे. लिहिलं: सदर बिल्ला आठ दिवस पेटीत नसताना तो जमा असल्याची सही मी केली होती. साहेब म्हणाले, "आता कशाला मढं उकरताय? तो माणूस घरी गेला सुखाने." मी म्हटलं, "सुखाने नाही गेला." आणि पाठवला.

खात्याचं उत्तर महिन्याने आलं. बिल्ले मोजायचं काम माझ्याकडून काढलं, ते ठीकच होतं. पण खाली आणखी एक ओळ होती. चूक एका माणसाची नसून साखळीतली असेल, तेव्हा किल्ली वर्षभर नव्हे, तीन महिनेच बंद राहते. त्यामुळे संबंधित कर्मचाऱ्यास तीन महिन्यांनी किल्ली परत मिळायला हवी होती. ती ओळ मी किती वेळा वाचली असेल. अकरातून तीन गेले, आठ उरले. एकेका खोट्या सहीला एकेक महिना.

रविवारी सकाळी दोन्ही कागद घेऊन मी मास्तरांच्या घरी गेले. दोन खोल्या आणि वर गच्ची. वहिनींनी चहा टाकला. मास्तर खिडकीशी बसून रेडिओच्या मागचे स्क्रू आवळत होते. मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, शेवटची ओळही वाचली, चेहऱ्यावर काही हललं नाही.

"तुम्हाला हा नियम माहीत होता," मी म्हटलं.

"नोटीस बोर्डावर मीच लावला होता."

"आणि वहीचंही कळलं होतं तुम्हाला. त्याच दिवशी."

"अंदाज होता. पेटी मी उघडून पाहिली नव्हती."

"मग खात्याच्या माणसाला एक शब्द बोलला असतात तर."

"मी पाहिलं ते मी लिहिलं," ते म्हणाले. "तुमचं तुम्ही लिहाल असं वाटलं होतं. दोन-तीन दिवस वाट पाहिली." मग म्हणाले, "तीन दिवस नाही. बरेच दिवस पाहिली. राग आला होता बाई तुमचा. खूप."

वहिनी चहा ठेवून आत गेल्या. मी रडले. मला रडायची सवय नाही, नीट जमलंही नाही. मास्तरांनी मला रडू दिलं आणि तेवढ्यात माझ्या पुरवणी फॉर्मची प्रत उचलून वाचायला घेतली, वरपासून, एकेक रकाना. बोट एका जागी थांबलं.

"कळल्याची वेळ," ते म्हणाले. "इथे तुम्ही मागच्या महिन्याची तारीख घातलीय. 'जुन्या वह्या चाळताना लक्षात आले.'"

मी डोळे पुसले.

"तुम्हाला कळलं कधी?"

"तुम्ही बिल्ला घेऊन दारात आलात तेव्हा."

"नऊ बावन्न," ते म्हणाले. खिशातलं निळं पेन काढून त्यांनी माझ्यासमोर धरलं.

मी एकच आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी वर्षभरापूर्वीची ती तारीख घातली, नऊ बावन्न लिहिलं आणि सही केली. मास्तरांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून दोन्ही रकाने वाचले, आणि उद्या पहिल्या टपालाने पाठवा म्हणाले.